सात सह्यांचा कागद

कोणत्याही शहराच्या व्यापारी पेठेतून जाताना पाट्यांच्या शेवटी 'लिमिटेड' किंवा 'मर्यादित' हा शब्द पदोपदी भेटतो. सामान्य माणसाच्या मनात या शब्दाविषयी एक प्रकारचा आदर असतो. नुसत्या 'आणि मंडळी'पेक्षा 'आणि कंपनी' मोठी, आणि तिच्यापुढे 'लिमिटेड' असले म्हणजे कारभार भक्कम पायावर उभा असलाच पाहिजे, अशी समजूत आहे. साखर कारखान्यांपासून गावच्या पतपेढीपर्यंत सहकारी संस्थांच्या नावालाही हाच शब्द चिकटलेला दिसतो. मौज अशी की, १८५५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा शब्द कंपनीच्या नावामागे सक्तीने लावावयास सांगितला, तो भूषण म्हणून नव्हे. ती धोक्याची पाटी होती. या घराशी व्यवहार करणाऱ्याने सावध असावे, घर बुडाले तर भागीदारांच्या खाजगी मालमत्तेला हात लावता येणार नाही, एवढे त्या एका शब्दात बजावलेले होते. पुढे न्यायाधीश म्हणून प्रसिद्धीस आलेले ब्रॅमवेल या शब्दाचे जनकत्व स्वतःकडे घेत असत. आपल्या इशाऱ्याचा लोक पुढे अलंकार करतील, याची कल्पना त्यांनाही नसावी.

मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची कागदपत्रे हा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. मुद्रांक, सह्या, साक्षी, नोंदणीची फी आणि शेवटी रजिस्ट्रारचा दाखला, एवढाच त्याचा पसारा. पण यातील प्रत्येक कागदाच्या मागे कोणाची तरी भीती उभी आहे. कर्ज देणाऱ्याच्या हातून कायद्याने एक फार जुने तारण काढून घेतले. ऋणकोचे घर, शेत, दागिने, प्रसंगी त्याच्या मुलाबाळांची कमाई, हे ते तारण. त्याच्या बदल्यात धनकोच्या हाती देण्यात आला तो कागद. हा बदल न्याय्य झाला की नाही, म्हणजे कागदाला तेवढे वजन पेलले की नाही, हाच या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

एके काळी कंपनी स्थापन करावयाची म्हणजे राजाची सनद लागे. ज्या कंपनीमुळे हा शब्द मराठीत रूढ झाला आणि 'कंपनी सरकार' या जोडशब्दाच्या रूपाने दीर्घकाळ लोकांच्या तोंडी राहिला, त्या ईस्ट इंडिया कंपनीला राणी एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद दिली. सनद ही कृपा होती, हक्क नव्हता. १७२० साली साउथ सी कंपनीच्या भागांचा सट्टा लंडनमध्ये कळसाला पोहोचला, त्याच वर्षी पार्लमेंटने सनदेवाचून कंपनीचे सोंग घेण्यास बंदी केली. हा निर्बंध १८२५ पर्यंत टिकला. मधल्या शंभर वर्षांत व्यापाऱ्यांनी वकिलांच्या साहाय्याने एक आडवाट काढली होती. सर्व भागीदारांनी एक लांबलचक करारपत्र करावयाचे, मालमत्ता विश्वस्तांच्या नावे ठेवावयाची आणि व्यवहार चालवावयाचा. पण अशा मंडळींवर फिर्याद कोणावर करावी आणि करावी तर किती जणांवर, हे कोणालाच नीट सांगता येत नसे. डिकन्सच्या १८४३-४४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत एक बनावट विमा कंपनी आहे. तिची कचेरी झगमगीत आहे, तिच्या नावात बंगालही आहे, नाही तो फक्त पैसा. वाचकांना ते चित्र अतिशयोक्त वाटले नाही.

त्याच सुमारास ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८४४ चा कायदा झाला. कंपन्यांची नोंदणी करणारा रजिस्ट्रार नावाचा अधिकारी या कायद्याने जन्माला आला, आणि सनदेची जागा कचेरीतील नोंदवहीने घेतली. फसवणूक अंधारात वाढते, म्हणून कंपनीचे कागद उजेडात आणावेत, कोणासही थोडी फी भरून ते पाहता यावेत, हे या कायद्याचे सूत्र होते. राजाला विचारण्याची गरज संपली आणि कारकुनाला सांगण्याची गरज सुरू झाली. हा फरक लहान वाटतो, परंतु गेल्या दोन शतकांतील उद्योगधंद्यांचा विस्तार त्याच्याशी जखडलेला आहे.

तरीही १८४४ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित केली नव्हती. शंभर पौंडांचा भाग घेणारा मनुष्य कंपनीच्या सगळ्या कर्जाला शेवटच्या पैशापर्यंत बांधलेला राही. अशी जबाबदारी नीतीला धरून आहे, असे मानणारे लोक थोडे नव्हते. मॅककुलॉक यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने मर्यादित जबाबदारीला कडाडून विरोध केला. नफा झाला तर माझा, तोटा झाला तर सावकाराचा, हा कोणता न्याय, असा आक्षेपाचा रोख होता. आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही. आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्राला तर तो पूर्णपणे पटला असता. बापाचे ऋण मुलाने फेडावे हे आपल्या समाजात पुण्यकर्तव्य मानले गेले, आणि दामदुपटीच्या नियमाने मर्यादा घातली ती व्याजाला. मुद्दल फेडण्याच्या जबाबदारीला नाही.

उलट बाजूचे म्हणणे असे की, आगगाड्या, कालवे, गिरण्या यांना लागणारे भांडवल चार धनिकांच्या घरात मावणारे नव्हते. ते हजारो लहान माणसांच्या शिलकीतून यावयाचे. विधवा, शिक्षक, निवृत्त नोकर यांनी आपले पन्नास पौंड गुंतवावेत आणि त्यापायी राहते घर धोक्यात घालावे, ही अपेक्षा कोणता शहाणा माणूस पुरी करील? १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित करण्यास संमती दिली, पण हात राखून. निदान पंचवीस भागधारक असावेत, भाग दहा पौंडांपेक्षा लहान नसावा, नियोजित भांडवलाचा पाऊण हिस्सा लोकांनी उचललेला असावा आणि त्यातील एक पंचमांश रक्कम प्रत्यक्ष वसूल झालेली असावी, अशा अटी होत्या. म्हणजे कागदाबरोबर थोडे रोख तारणही होते.

वर्षाच्या आतच रॉबर्ट लो यांनी या अटी उडवून लावल्या. धंदा पक्का की कच्चा हे ठरविणे सरकारचे काम नव्हे, सरकारने नमुना घालून द्यावा आणि खरे काय ते जाहीर करावयास लावावे, पुढचे पाहणारे पाहून घेतील, अशी त्यांची भूमिका होती. कंपन्यांना त्यांनी लहान लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली. १८५६ च्या कायद्याने पूर्वीचे अवजड करारपत्र जाऊन त्याच्या जागी दोन आटोपशीर कागद आले. एक मेमोरँडम, म्हणजे संस्थापनलेख. दुसरा आर्टिकल्स, म्हणजे अंतर्गत नियमावली. आजही कंपनी काढणाऱ्यास प्रथम तयार करावे लागतात ते हेच दोन कागद.

संस्थापनलेख हा जगासाठी असतो. कंपनीचे नाव, तिची नोंदलेली कचेरी कोणत्या प्रदेशात असेल ते, तिचे उद्देश, भागधारकांची जबाबदारी मर्यादित असल्याचे विधान, आणि भांडवलाची रक्कम व तिचे भाग, एवढी पाच कलमे त्यात पुरेशी होती. खाली निदान सात जणांच्या सह्या. सही करणाराने आपल्या नावापुढे आपण घेतलेल्या भागांची संख्या लिहावयाची आणि सहीला साक्षीदार असावयाचा. नियमावली ही घरातल्यांसाठी असते. संचालक कसे निवडावेत, सभा कधी बोलवावी, मत कसे मोजावे, भाग एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कसा जावा, हे त्यात येते. ज्यांना स्वतःची नियमावली करण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी कायद्यानेच एक तयार नियमावली परिशिष्टात जोडली होती. १८६२ च्या एकत्रित कायद्यातील 'टेबल ए' या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि आपल्या कायद्यातही त्या नावाने तिचा वंश चालू राहिला.

ज्यांनी हा कागद केला नाही त्यांचे काय झाले, याचे उदाहरण लवकरच सर्वांना पाहावयास मिळाले. स्कॉटलंडमधील सिटी ऑफ ग्लासगो बँक ही अमर्यादित जबाबदारीची संस्था २ ऑक्टोबर १८७८ रोजी बंद पडली. संचालकांनी खोटे ताळेबंद प्रसिद्ध केले होते आणि त्याबद्दल त्यांना पुढे तुरुंगवासही घडला. पण ठेवीदारांचे पैसे भागवावयाचे होते ते भागधारकांनी. प्रत्येक शंभर पौंडांच्या भागामागे प्रथम पाचशे आणि नंतर आणखी सव्वादोन हजार पौंडांची मागणी झाली. एकूण १,८१९ भागधारकांपैकी दिवाळखोरीतून वाचले ते अवघे २५४. यात अधिकच कठोर गोष्ट घडली ती विश्वस्तांच्या बाबतीत. दुसऱ्याच्या मुलाबाळांसाठी म्हणून ज्यांनी आपल्या नावावर भाग ठेवले होते, त्यांनाही स्वतःच्या इस्टेटीतून भरणा करावा लागेल, असा निकाल १८७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने दिला. बुडालेल्यांनी त्या बँकेतून एक पैचे कर्ज घेतलेले नव्हते. या प्रकारानंतर मर्यादित जबाबदारीला अनीती म्हणणाऱ्यांचा आवाज पुष्कळच खाली आला.

मग न्यायालयांपुढे दुसरा प्रश्न आला. कागदात जे लिहिले त्याला बांधून घ्यावयाचे ते कितपत? ॲशबरी नावाच्या कंपनीने आपल्या उद्देशांत रेल्वेचे डबे तयार करणे, विकणे आणि तत्सम यांत्रिक कामे लिहिली होती. तिच्या संचालकांनी बेल्जममध्ये प्रत्यक्ष लोहमार्ग बांधण्यास पैसा पुरविण्याचा करार केला. १८७५ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो करार मुळातच शून्य ठरविला. सर्व भागधारकांनी एकमुखाने मान्यता दिली असती तरी तो जिवंत झाला नसता, असे सांगितले. यावर वकिलांनी जो उपाय शोधला तो त्यांच्या धंद्याला साजेसा होता. उद्देशांचे कलम त्यांनी इतके लांबविले की कंपनीने करू नये असे जगात फारसे काही उरले नाही. सावकाराला सावध करण्यासाठी लिहावयाचे कलम अशा रीतीने कोणीही न वाचण्यासाठी लिहिले जाऊ लागले.

सात सह्यांच्या नियमाचीही तीच गत झाली. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील ॲरन सॅलोमन या बूट तयार करणाऱ्या व्यापाऱ्याने १८९२ साली आपला धंदा कंपनीच्या स्वाधीन केला. सही करणारे सात जण म्हणजे तो स्वतः, त्याची बायको, एक मुलगी आणि चार मुलगे. घरच्या सहा जणांकडे एकेक भाग आणि त्याच्याकडे वीस हजारांवर. कंपनी लवकरच बुडाली. खालच्या न्यायालयांना हे सर्व ढोंग वाटले आणि त्यांनी कर्जाचा बोजा सॅलोमनवर टाकला. सॅलोमन इतका खंक झाला होता की, त्याने हाउस ऑफ लॉर्ड्‌समधील अपील निर्धन पक्षकार म्हणून चालविले. नोव्हेंबर १८९६ मध्ये तो ते जिंकला. कायद्याने सात सह्या मागितल्या, त्या झाल्या. सात स्वतंत्र मनांची मागणी कायद्याने केलेली नाही, आणि कागद रीतसर नोंदला गेला त्या क्षणी कंपनी ही सॅलोमनहून वेगळी व्यक्ती झाली, असा त्या निकालाचा आशय आहे. तर्काच्या दृष्टीने निकाल निर्दोष आहे. ज्या फुटकळ पुरवठादारांचे पैसे बुडाले त्यांना तो कसा वाटला असेल, हे निकालपत्रात सापडत नाही.

हिंदुस्थानात या कायद्याची पावले इंग्लंडच्या मागोमाग उमटली. १८५० च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील सुप्रीम कोर्टांकडे कंपन्यांच्या नोंदणीचे काम सोपविले, पण जबाबदारी मर्यादित केली नाही. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली ती या काळात. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारी येथे आली. बँकांना मात्र ती सवलत १८६० मध्ये मिळाली. मुंबईच्या दृष्टीने ही वेळ विलक्षण होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि येथील कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाला वाट हवी होती आणि नव्या कायद्याने दार उघडे करून ठेवले होते.

जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तीय संस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या होत्या. यांखेरीज विमा, जहाजे, कापसाचे गठ्ठे दाबणारे कारखाने वेगळेच. दहा वर्षांपूर्वी यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे भाग मिळण्याची हमी, अशी त्यांची ख्याती झाली होती. सात नावे, एक उद्देश आणि भांडवलाचा एक मोठा आकडा एवढ्यावर कंपनी उभी राही. भांडवल किती वसूल झाले, हे संस्थापनलेख सांगत नव्हता आणि भाग घेण्यासाठी रांगेत उभा असलेला कोणीही ते विचारीत नव्हता. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेल्यावर कापसाचे भाव कोसळले. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता; त्या दिवशी ज्यांनी पैसे द्यावयाचे त्यांच्याकडे ते नव्हते. बँक ऑफ बॉम्बेही या पडझडीत सापडली आणि पुढे तिच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राजाबाई टॉवर आज विद्यापीठाच्या आवारात उभा आहे, तो याच तेजीच्या काळातील प्रेमचंदांच्या देणगीतून.

मुंबईच्या अनुभवाने एक गोष्ट दाखवून दिली. कागद खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो. १८६६ आणि १८८२ च्या कायद्यांनी व्यवस्था सुधारली, पण मूळ उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला तो १९१३ च्या कायद्यात. लोकांकडून भांडवल मागण्यापूर्वी माहितीपत्रक रजिस्ट्रारकडे दाखल करावे, किमान ठरलेले भाग खपल्याशिवाय वाटणी करू नये, आणि नोंदणीचा दाखला मिळाला तरी धंदा सुरू करण्याचा दुसरा दाखला मिळेपर्यंत सार्वजनिक कंपनीने थांबावे, असे त्याने ठरविले. दोन माणसांच्या खाजगी कंपनीलाही त्याने जागा दिली. याच सुमारास, १९१२ साली, प्रिव्ही कौन्सिलपुढे एका कुटुंबाच्या कंपनीचे प्रकरण आले होते. सात सह्यांपैकी पाच अज्ञान मुलांच्या होत्या आणि त्या पालकाने केलेल्या होत्या. सह्या चुकीच्या असतील, पण रजिस्ट्रारने दाखला दिला आहे आणि दाखला निर्णायक आहे, असा निकाल झाला. एका कारकुनी शिक्क्याला एवढे सामर्थ्य दिलेले पाहून आश्चर्य वाटते. पण तसे नसते तर कोणत्याही कंपनीचा जन्मच कधीही वादात काढता आला असता.

महाराष्ट्रातील उद्योगांनी हा साचा विसाव्या शतकात हळूहळू स्वीकारला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाला. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १६ सप्टेंबर १९३५ रोजी, दहा लाखांच्या अधिकृत भांडवलावर झाली आणि प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाला तो ८ फेब्रुवारी १९३६ रोजी. नोंदणी आणि उद्‌घाटन यांच्या मधल्या अशा महिन्यांत त्या काळचे प्रवर्तक गावोगाव हिंडून भाग खपवीत असत. पेन्शनरांच्या आणि वकिलांच्या घरी छापील माहितीपत्रक घेऊन जाणाऱ्या माणसाला 'बुडाली तर माझे घर तर जाणार नाही ना?' या प्रश्नाला एकच उत्तर पुरे पडे. ते उत्तर संस्थापनलेखाच्या चौथ्या कलमात होते.

स्वातंत्र्यानंतर भाभा समितीने या सर्व कायद्याची फेरतपासणी केली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी संसदेत पुढे नेलेला नवा कायदा १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. १९१३ च्या कायद्यात २९० कलमे होती, यात ६५८ झाली. उद्देशांच्या कलमाची धारही अजून गेली नव्हती. एका विमा कंपनीने १९५५ साली भागधारकांच्या ठरावाने दोन लाख रुपये एका स्मारकनिधीला दिले. देणगी चांगल्या कामासाठी होती आणि ठरावही रीतसर होता. तरी कंपनीच्या उद्देशांशी तिचा संबंध जुळत नाही, म्हणून ती बेकायदा ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम परत करावयास लावली.

यानंतरचा प्रवास उलट दिशेचा आहे. २०१३ च्या कायद्याने एकाच माणसाची कंपनी मान्य केली. सॅलोमनला आता घरच्यांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या नसत्या. मात्र संस्थापनलेखात आणखी एका व्यक्तीचे नाव त्यालाही लिहावेच लागले असते, कारण एकटा सभासद मरण पावला तर कंपनी कोणाची, हा प्रश्न कायद्याला मोकळा ठेवता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने किमान भांडवलाची अट गेली, कंपनीची सामायिक मोहोर ऐच्छिक झाली आणि धंदा सुरू करण्यापूर्वी द्यावयाचे निवेदनही रद्द झाले. सर्व कागद संगणकावरून दाखल होऊ लागले. रॉबर्ट लो यांना हे पाहून समाधान वाटले असते.

ते समाधान फार दिवस टिकले नसते. केवळ कागदावर जगणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाल्याचे सरकारच्या ध्यानात आले आणि २०१७ च्या सुमारास दोन लाखांहून अधिक नावे नोंदवहीतून खोडण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अध्यादेशाने जुनी अट नव्या शब्दांत परत आली. संस्थापनलेखावर सही करणाऱ्यांनी कबूल केलेले भागांचे पैसे खरोखर भरले आहेत, असे निवेदन कंपनीच्या संचालकाने नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत द्यावयाचे. त्यावाचून धंदा सुरू करता येत नाही की कर्ज काढता येत नाही. नोंदलेल्या पत्त्यावर खरोखर काही चालते की नाही, याचा संशय आल्यास रजिस्ट्रारला तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा अधिकार मिळाला. २०२२ च्या नियमांनी या भेटीची रीतही ठरवून दिली आहे. पंचनाम्याला लागतात तसे त्याच वस्तीतील दोन साक्षीदार हजर ठेवावयाचे, दाखल केलेले कागद जागेशी ताडून पाहावयाचे आणि त्या कचेरीचे छायाचित्र काढून अहवालास जोडावयाचे.